हजेरीची वही कोणाच्या हातात असावी? (नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगारांविषयी)

श्रमिकनगरकर (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही आठ-नऊ जण सातपूरच्या श्रमिकनगरातील एका समाजमंदिरात दर रविवारी सकाळी दोन टेबले मांडून बसतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, दोघे अजून कारखान्यात नोकरी करतात, एक ताई पीएफची कामे जाणतात आणि बाकीचे आम्ही नुसतेच लिहिता-वाचता येणारे. सुरुवात ई-श्रम कार्डाचे आणि बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचे अर्ज भरून देण्यापासून झाली. पण दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासूनच लोक अर्जांऐवजी तक्रारी घेऊन येऊ लागले. त्या ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. ती जाणकारांसमोर मांडावी म्हणून हा धागा काढत आहे.

एक प्रसंग सांगतो. संबंधित बाईंच्या परवानगीने सांगत आहे. नाव, कारखाना आणि ठेकेदार यांचा उल्लेख करणार नाही. त्या अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर सहा वर्षे होत्या. शेड तीच, यंत्र तेच, सुपरवायझरही बहुतेक काळ तोच. ठेकेदार मात्र कागदावर चार वेळा बदलले. दर बदलाच्या वेळी त्यांना आठ-दहा दिवसांचा 'ब्रेक' मिळे आणि नंतर नव्या नावाचा गेटपास हाती पडे. दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी पहिल्या शिफ्टला गेटवरच्या पहारेकऱ्याने सांगितले, की यादीत तुमचे नाव नाही. पत्र नाही, कारण नाही, शेवटचा हिशेब नाही आणि वर्षाचा बोनसही नाही.

टेबलाशी आल्या तेव्हा त्यांच्याजवळ साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी होती. त्यातून त्यांनी एकेक वस्तू काढून सतरंजीवर ठेवली. दोन गेटपास, त्यांतल्या एकाचे लॅमिनेशन सुटलेले आणि घामाने तारीख पुसली गेलेली. रबर लावलेला कँटीनच्या कुपनांचा गठ्ठा. ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा एक कागद, त्यावर आडनाव माहेरचे. आणि शेवटी मोबाइलमधला खंडेनवमीचा फोटो. यंत्राला झेंडूची माळ घातलेली, पत्र्यावर हळदकुंकवाची बोटे, शेजारी त्या आणि आणखी चार जणी, मागच्या भिंतीवर कारखान्याच्या नावाची सुरक्षेची पाटी. सहा वर्षांच्या नोकरीचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून खंडेनवमीचा फोटो निघावा, याचे मला त्या दिवशी नवल वाटले. आता वाटत नाही, कारण त्यानंतर आमच्याकडे खंडेनवमीच्या फोटोंची रांगच लागली आहे.

पीएफचे पासबुक काढून पाहिले तर आणखी गुंता निघाला. त्यांच्या नावे दोन वेगवेगळे यूएएन (पीएफ खातेदाराचे ओळख क्रमांक) होते, एक माहेरच्या नावाने आणि एक सासरच्या. काही महिने दोन्हींतही कोरे होते. जे महिने भरलेले होते त्यांतही वेतन दाखवले होते ते प्रत्यक्ष पगाराच्या निम्म्याच्या आसपास. बाईंना हे काहीच ठाऊक नव्हते. पगारातून पीएफ कापला जातो एवढे ठाऊक होते, आणि कापला जातो म्हणजे तो भरलाही जातो असा त्यांचा समज होता.

माझे म्हणणे असे, की आपल्याकडे कामगारांच्या अन्यायाची चर्चा मोर्चा, निवेदन आणि घोषणा यांभोवती फिरते, आणि या शहराला मोर्चे काही नवे नाहीत. पण अन्याय झालेला माणूस अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'तू तिथे कामाला होतास याला काय आधार?' हा. या प्रश्नाशी आमची दहापैकी आठ प्रकरणे अडतात. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पंचिंगची नोंद कारखान्याच्या संगणकात, पगाराचा तक्ता तिसऱ्याच कुणाकडे. आणि ज्याने आठ तास उभे राहून काम केले त्याच्याकडे मात्र कुपनांचा गठ्ठा.

म्हणून आम्ही शंभर पानी वह्या आणून, पट्टीने रकाने आखून वाटायला सुरुवात केली. तारीख, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, काम किंवा यंत्र, त्या दिवशीचा सुपरवायझर, आणि ओव्हरटाइमचे तास. पगाराच्या दिवशी एक ओळ जास्तीची: खात्यात किती जमा झाले आणि त्यातून रोख किती परत द्यावे लागले. होय, परत द्यावे लागले. पगार बँकेत नियमाप्रमाणे जमा होतो आणि त्याच संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस एटीएमच्या बाहेर उभा असतो, हे या वसाहतीत राहणाऱ्याला मी समजावून सांगण्याची गरज नाही.

आतापर्यंत साठेक वह्या गेल्या. नियमाने लिहिणारे वीस-बावीसच आहेत. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा वहीला कायद्यापुढे कितपत किंमत आहे? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करावे? आणि या खटाटोपात आम्ही काही मुळातच चुकत आहोत काय?

जुना फिटर

श्रमिकनगरकर, आपला उपक्रम चांगला आहे, आणि तरीही माझा त्यावर आक्षेप आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षे फिटर होतो, त्यांतील नऊ वर्षे युनियनच्या कमिटीवर. आमच्या वेळी कामगाराला स्वतः हजेरी लिहावी लागत नसे, कारण महिनाअखेरीस कमिटीचा माणूस टाइम ऑफिसात जाऊन मस्टर पाहत असे आणि कोणाचा दिवस गाळला गेला असेल तर तो तिथल्या तिथे लावून घेत असे. आज ती कमिटीच नाही, म्हणून आपल्याला वह्या वाटाव्या लागत आहेत. आपण रोगावर उपाय करत आहात की वेदनेवर, याचा विचार व्हावा.

दुसरे असे, की वही बाळगणारा एकटा माणूस फार सहज उचलला जातो. सुपरवायझरने आज वही पाहिली की परवा त्याचे नाव यादीतून जाते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभी केली आणि रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. मधल्या काळात अर्ज झाले, सभा झाल्या, सह्या झाल्या. पण त्या सगळ्यांमागे हजारोंचा जमाव होता. आपण ज्या रविवारी टेबल मांडता, तो रविवारही असाच मिळालेला आहे. तेव्हा वही जरूर द्या, पण ती संघटनेची जागा घेईल असे कामगाराला भासवू नका.

हिशेबनीस

मी चौदा वर्षे लेबर कॉन्ट्रॅक्टरांचे पगारपत्रक तयार करण्याचे काम केले. आता सोडले आहे. धागाकर्त्यांनी पासबुकात जे पाहिले ते कसे घडते, हे कुंपणाच्या आतल्या बाजूने सांगतो.

कामगार २६ दिवस भरतो. पगारपत्रकात १४ किंवा १५ दिवस दाखवले जातात आणि उरलेल्या दिवसांचे पैसे प्रवासभत्ता, प्रोत्साहन भत्ता, धुलाई भत्ता अशा कुठल्या तरी नावाखाली टाकले जातात. हाती पडणारी रक्कम साधारण बरोबर असल्यामुळे कामगार तक्रार करत नाही. पीएफ मात्र १५ दिवसांच्या मूळ वेतनावरच निघतो. सरसकट सगळ्यांना दिले जाणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. त्यानंतर आमच्या कार्यालयात काय बदलले, तर भत्त्यांची नावे बदलली आणि प्रत्येकाला वेगळी रक्कम दाखवण्यास सुरुवात झाली.

दुसरी युक्ती याहून साधी आहे. ठेकेदाराला दरमहा बिलासोबत पीएफ आणि ईएसआयचे चलान मूळ कंपनीकडे द्यावे लागते. कंपनीचा अकाउंट्स विभाग चलानावरची एकूण रक्कम पाहतो आणि बिल पास करतो. चलानासोबत नावानिशी यादी असते. ती कोणी उघडून पाहत नाही. त्यामुळे ज्यांनी कधी त्या गेटातून पाऊल टाकले नाही अशांची नावे यादीत असू शकतात आणि ज्यांनी महिनाभर रात्रपाळी केली त्यांची नसतात. मी स्वतः अशा याद्या तयार केलेल्या आहेत. त्याबद्दल आता वाईट वाटते, एवढेच सांगतो.

ईएसआयच्या बाबतीत तर अपघात झाला की मग धावाधाव सुरू होते. कामगाराच्या वाट्याचे पाऊण टक्का आणि मालकाच्या वाट्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे एकूण चार टक्के वाचवण्यासाठी नाव लावलेलेच नसते. बोट प्रेसखाली गेल्यावर त्या दिवशी संगणकावर बसून नोंद करायची आणि रुजू तारीख 'आजचीच' टाकायची. सहा वर्षे काम केलेला माणूस कागदावर अपघाताच्या दिवशी सकाळी कामाला लागलेला असतो.

आपल्या वहीत आणखी एक रकाना घाला. दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर पीएफचे पासबुक पाहून त्या महिन्याचे वेतन किती दाखवले ते लिहायचे. पीएफ मागच्या महिन्याचा पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. तीन महिने हा रकाना भरला, की खोटे कोणते ते आपोआप दिसते. आणि दोन यूएएन असलेल्या बाईंना आधी नावातला फरक दुरुस्त करून घ्यायला सांगा. आधार कार्डावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळल्याशिवाय एका खात्यातले पैसे दुसऱ्यात येणार नाहीत. माहेर-सासरच्या नावांत अडकलेले पैसे हा विषय इतका मोठा आहे, की त्यावर वेगळा धागा निघावा.

श्रमिकनगरकर

हिशेबनीस, आपण उघडपणे लिहिलेत याबद्दल आभार. पासबुकाचा रकाना याच रविवारपासून आखून देऊ.

फिटरकाका, वही संघटनेची जागा घेईल असे मी म्हणत नाही. पण आज ठेकेदाराकडच्या कामगाराला 'चल, युनियनचा सभासद हो' म्हणायला गेले तर तो दुसऱ्या दिवशी टेबलाकडे फिरकत नाही, हा आमचा अनुभव आहे. वहीसाठी मात्र येतो, कारण ती त्याची स्वतःची असते आणि कोणाला दाखवावी लागत नाही. आम्ही वही कारखान्यात न्यायला सांगतच नाही. घरी येऊन, चहा पिता पिता लिहायची.

अंबडचा लघुउद्योजक

मी इथे विरोधी पक्षात बसलेला माणूस आहे, तेव्हा चार शब्द ऐकून घ्यावेत. माझ्याकडे बावीस माणसे आहेत. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. ऑर्डर एका महिन्यात दुप्पट होते आणि पुढच्या महिन्यात निम्म्यावर येते. २००६ च्या सूक्ष्म व लघुउद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा असूनही माझे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत, आणि मी तक्रार केली तर पुढची ऑर्डर येत नाही. म्हणजे गेटवर नाव नसल्याचे दुःख मलाही ठाऊक आहे, फक्त माझे गेट वेगळे. अशा वेळी ठेकेदाराकडून माणसे घेणे हा लबाडीचा नव्हे, तर तग धरण्याचा प्रकार असतो.

मात्र पगाराची स्लिप देणे, खरे दिवस दाखवणे आणि माणूस सोडून जाताना त्याचा हिशेब पुरा करणे याला ऑर्डर लागत नाही, हे मला मान्य आहे. या धाग्यानंतर मी ठेकेदाराकडून आलेली नावांची यादी पहिल्यांदाच उघडून पाहिली. तीन नावे मला ओळखता आली नाहीत. पुढे काय करायचे ते मी पाहतो, पण इथे त्याहून जास्त लिहीत नाही.

एक विनंती आहे. सगळ्या कारखानदारांना एकाच मापाने मोजू नये.

सुरगाण्याची लेक

मी सध्या नाशिकमध्ये नर्सिंगचे काम करते. माझे आई-वडील दर वर्षी ऑक्टोबर छाटणीपासून दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत टोळीने जात असत. आई अजूनही जाते. धागा कारखान्यांचा असला तरी वहीचा विषय आमच्याकडेही तसाच आहे, म्हणून लिहिते.

बागेतले काम एकराच्या हिशेबाने, उक्ते ठरते. छाटणी, पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, डिपिंग, विरळणी, प्रत्येकाचा दर वेगळा. बागाईतदार मुकादमाशी बोलतो, मुकादम आमच्याशी. पावसाळ्यात घरात दाणे नसतात तेव्हा मुकादमाने उचल दिलेली असते, आणि हंगामाच्या शेवटी उचल वजा होऊन काय हाती पडते ते त्याच्या वहीवरून ठरते. ती वही मी लहानपणी अनेकदा पाहिली आहे. वरच्या खिशात मावेल अशी लहान, कडांना काळी पडलेली, आणि त्यात आमच्या घराला एकच ओळ: वडिलांच्या नावापुढे 'जोडी'. आईचे नाव कुठेच नव्हते. ती दिवसभर बाबांच्या बरोबरीने मांडवाखाली मान वर करून घड विरळायची, संध्याकाळी तिला मान वळवता येत नसे, आणि वहीत ती जोडीतला दुसरा अर्धा होती. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. पण नावच नसेल तर वेतन कोणाच्या बरोबरीचे ठरवायचे?

आईला लिहिता येत नाही. बाबा गेल्यानंतर ती एकटी टोळीत जाऊ लागली तेव्हा तिने कृषी सेवा केंद्रातून मिळालेली दिनदर्शिका मागून घेतली. पूर्ण दिवसाला फुली, अर्ध्या दिवसाला एक तिरकी रेघ, आणि औषध फवारणीमुळे काम बंद राहिले तर टिंब. पहिल्याच वर्षी मुकादमाने ३३ दिवस सांगितले आणि आईच्या दिनदर्शिकेत ४१ निघाले. तिने ती पाने फाडून न आणता पूर्ण दिनदर्शिकाच काखेत घालून बागाईतदाराच्या ओट्यावर नेली. त्यांनी आपल्या फवारणीच्या वहीशी ताडून पाहिली. टिंबांचे दिवस त्यांच्या वहीतल्या फवारणीच्या दिवसांशी जुळले. आठ दिवसांचे पैसे मिळाले. मुकादमाने पुढच्या वर्षी तिला टोळीत घेतले नाही, हेही सांगितले पाहिजे. ती दुसऱ्या टोळीत गेली.

म्हणून ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शब्दांचे रकाने आखू नका. दिनदर्शिका द्या आणि खुणा त्यांच्या त्यांना ठरवू द्या.

आणखी एक सांगायचे आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यात आई मुंबईपर्यंत चालत गेली होती, सुमारे १८० किलोमीटर. तिथे एक मुख्य मागणी वनजमिनीच्या दाव्यांची होती. ते दावेही पुराव्यापाशीच अडकलेले होते, कारण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवावे लागते. पण वनहक्क कायद्याच्या नियमांत एक चांगली गोष्ट आहे. सरकारी कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, घातलेला बांध चालतो, जुनी विहीर चालते, स्मशानभूमीसुद्धा चालते. असे एकाहून अधिक पुरावे असावेत एवढीच अट. जमिनीसाठी शेजाऱ्याचा शब्द आणि विहीर पुरते, तर मजुरीसाठी शेजारच्या रांगेत काम करणाऱ्या बाईचा शब्द का पुरू नये, हे मला कोणी समजावून सांगावे.

निफाडकर बागाईतदार

ताई, आपल्या आईंनी जे केले ते वाचून माझीच वही काढून पाहिली. मी मुकादमाला एकराचे पैसे देतो आणि पुढे तो कसे वाटतो ते विचारत नाही, हे खरे आहे. निर्यातीच्या मालासाठी मात्र मला फवारणीची एकूण एक नोंद ठेवावी लागते. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला. म्हणजे द्राक्षाच्या घडाचा इतिहास माझ्याकडे दिवसवार आहे आणि तो घड विरळणाऱ्या माणसाचा नाही. येत्या हंगामात त्याच वहीत टोळीतल्या माणसांची नावे लिहून पाहतो. मुकादम कुरकुर करेल.

कामगार न्यायालयातील वकील

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल, कारण यात लोकांची दोन्ही बाजूंनी फसगत होते.

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील वेतन संहितेत कामगाराच्या उपयोगाच्या काही गोष्टी आहेत. वेतनाची स्लिप देणे मालकावर बंधनकारक आहे. कामावरून काढले किंवा कामगाराने राजीनामा दिला तर देणे असलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. जुन्या किमान वेतन कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती, आणि तेवढ्या अवधीत आपल्याकडचा माणूस वकिलाचे नावही विचारून होत नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ५९: वेतन किंवा बोनस दिला नाही, कमी दिला, किंवा गैरवाजवी कपात केली असा दावा आला, तर देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दुसऱ्या एका संहितेने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणेही सक्तीचे केले आहे.

हे वाचून वह्या बंद करू नका. पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचे असले, तरी 'मी तुमच्याकडे कामाला होतो' एवढे कामगाराला आधी दाखवावेच लागते, आणि समोरचा पक्ष नेमके तेवढेच नाकारतो. कामावरून कमी केल्याच्या प्रकरणात तर वर्षात २४० दिवस भरल्याचे दाखवावे लागते. ते दाखवण्याचा भार कामगारावर आहे आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात म्हटले. २००५ च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने हेही ओळखले, की रोजंदारीच्या माणसाकडे नेमणूकपत्र वा स्लिप नसणारच. त्याने साक्ष द्यावी आणि मस्टर हजर करण्याची मागणी करावी. मागणी करूनही मस्टर आले नाही, तर न्यायालय त्याचा अर्थ मालकाच्या विरुद्ध लावू शकते. पण मागणी करावी लागते. माझ्या पाहण्यातली कितीतरी प्रकरणे ती मागणीच न केल्यामुळे पडली.

आता वही. स्वतःची वही हा स्वतंत्र, निर्णायक पुरावा नव्हे. मात्र साक्षीदाराला साक्ष देताना त्याने स्वतः त्या-त्या वेळी केलेल्या लिखाणावरून स्मृती ताजी करता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १५९ ची ही तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. 'त्या-त्या वेळी केलेले' या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. उलटतपासणीत मला स्वतःला एकदा मान खाली घालावी लागली होती. माझ्या अशिलाने सात महिन्यांची हजेरी मोठ्या सुबक अक्षरात, एकाच निळ्या पेनाने, एकही खाडाखोड न करता लिहून आणली होती. समोरच्या वकिलांनी वही न्यायाधीशांकडे दिली आणि एकच प्रश्न विचारला: 'सात महिन्यांत एकदाही पेन संपले नाही का?' तेव्हा वही मळू द्या. चहाचे डाग पडू द्या. चुकले तर रेघ मारून पुढे लिहा, पान फाडू नका. ज्या दिवशी कामावर गेला नाहीत तोही दिवस लिहा, कारण रजेचा खरा दिवस बाकीच्या दिवसांना खरेपणा देतो.

खंडेनवमीचे फोटो जपून ठेवावेत. पण ते व्हॉट्सॲपवरून फिरवून आलेले नसावेत. ज्या मोबाइलने फोटो काढला त्यातली मूळ फाइल हवी आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

सुरगाण्याच्या ताईंना उत्तर: शेजारच्या रांगेतल्या बाईचा शब्द कायद्याला चालतो. अडचण कायद्याची नाही. ती बाई अजून त्याच मुकादमाच्या टोळीत असते आणि साक्षीला येत नाही, ही आहे.

जुना फिटर

वकीलसाहेबांचे शेवटचे वाक्य वाचून पुन्हा लिहावेसे वाटले. मी आधी वहीला वेदनेवरचा उपाय म्हणालो होतो, ते थोडे मागे घेतो. एका शिफ्टमधल्या पाच जणींच्या पाच वह्या असतील, आणि 'आज दोन नंबरचे यंत्र बंद होते' ही ओळ पाचही वह्यांत त्याच तारखेला असेल, तर आमची जुनी कमिटी करत असे त्यातले निम्मे काम झालेच. धागाकर्त्यांनी वह्या वाटताना एकेकट्याला न देता शिफ्टवार द्याव्यात. कोण कोणाबरोबर काम करते याची यादी आपोआप होईल, आणि साक्षीला जायची वेळ येईल तेव्हा पाच जणी मिळून जातील. मुकादम किंवा ठेकेदार एकीला गाळतो. पाच जणींना एकदम गाळले तर त्या दिवशी लाइन बंद पडते.

जाता जाता घरचे सांगतो. माझे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते, असे आमच्या घरात सांगतात. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला तो सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. दादासाहेब मूळचे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, म्हणजे ताईंची आई ज्या भागात कामाला जाते त्याच मुलखातले. आजोबांनी लाठी खाल्ली, खांद्यावर वण होता, तो मी पाहिला आहे. कागद मात्र एकही नाही. एका कार्यक्रमात सत्याग्रहींच्या घरच्यांचा सन्मान होणार होता; पुराव्याचा रकाना रिकामा राहिला म्हणून मी अर्ज परत घेतला. त्या वेळी फार वाईट वाटले नव्हते. हा धागा वाचताना वाटले.

श्रमिकनगरकर

सर्वांचे आभार. आम्ही काय ठरवले ते कळवतो. वह्या आता शिफ्टवार देणार आहोत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दिनदर्शिका मागायला कार्बन नाक्याजवळच्या दोन दुकानदारांकडे गेलो होतो. वर्ष अर्धे सरल्यामुळे उरलेल्या तीस-पस्तीस प्रती त्यांनी फुकट दिल्या. पासबुकाचा रकाना सुरू झाला आहे, आणि पहिल्याच फेरीत एका शिफ्टमधल्या सात जणांचे वेतन १३ दिवसांचे दाखवलेले निघाले. सातही जणांना १३ च. हिशेबनीस, आपल्याला हा आकडा ओळखीचा वाटेल.

पॅकिंगच्या बाईंचा अर्ज दाखल झाला आहे. सगळ्या ठेकेदारांसोबत मूळ कारखान्यालाही पक्षकार केले असून वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मस्टर आणि पंचिंगच्या नोंदी हजर करण्याची मागणी अर्जातच लिहिली आहे. फोटोतल्या चौघींपैकी दोघी अजून तिथेच कामाला आहेत. एकीने साक्षीला येते म्हणून सांगितले, दुसरीने नवऱ्याला विचारून सांगते म्हटले. तिसरी गावी गेली आहे, येवल्याकडे; तिचा नंबर लागत नाही. फोटो चौथीच्या मोबाइलवर काढलेला होता, पण तिचा तो मोबाइल मुलाने पाण्यात पाडला. मूळ फाइल त्यातून निघते का, हे पाहण्यासाठी तो सीबीएसजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला आहे. त्याने बुधवारी यायला सांगितले आहे.